पेढे वाटल्याचा गुन्हा

ती घटना आठवली की मला आधी पेढ्यांचा पुडा दिसतो, प्रेत नंतर. सगळी नोकरी प्रेतांचे पंचनामे करण्यात गेलेल्या माणसानं असं सांगावं हे जरा विचित्रच, पण आहे ते असं आहे.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मी कर्नाटकातल्या निपाणी भागात सर्कल इन्स्पेक्टर होतो. शेतांत तंबाखूची लावण होऊन रोपं नुकती धरली होती. सकाळची हजेरी झाली, ठाणे अंमलदारानं डायरी पुढं ठेवली, एवढ्यात बोरगावकडच्या एका गावातून फोन आला. शेतात माणूस मरून पडलाय. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी हवालदाराला पुढं पाठवलं. जीप काढतोय तोच दुसरा फोन. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"सायेब, मुकादम मेल्याला धा वाजता घावलाय. पर गावात एका बाईनं नवालाच पेढं वाटल्यात. स्टेटसला व्हिडिओ हाय, तुमीच बघा."

पूर्वी खबऱ्याला चहा पाजून, चार दिवस गोंजारून खबर काढावी लागे. आता गाव आपणहून स्टेटसला लावतं. ठाण्यातल्या एका शिपाई पोराकडं तो व्हिडिओ आलाच होता. पन्नाशीची, काटकुळी बाई गल्लीतून चालली होती. समोर येईल त्याच्या हातावर एक एक पेढा ठेवत होती. मोबाईल धरणाऱ्या शेजारणीचा आवाज आला, "आक्का, कशाचं गं पेढं?"

"मुकादम मेला," ती म्हणाली, आणि पुढच्या दारात गेली.

ज्यानं त्यानं तो आपल्या स्टेटसला लावून खाली हात जोडले होते, फुलं टाकली होती. 'न्याय झाला', 'देव हाय' असं बरंच काही लिहिलं होतं. मूळ व्हिडिओची वेळ नऊ वाजून दहा मिनिटांची. प्रेत पाहणारा शेतगडी त्या शेतात गेला दहाच्या पुढं. म्हणजे जे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, ते या बाईला ठाऊक होतं.

बाईला मी ओळखलं. खरं सांगतो, मेलेला माणूस कोण हे कळल्यावर पहिल्या क्षणी मलाही बरं वाटलं. वर्दीतल्या माणसाला असं वाटू नये. पण वाटलं, ते लपवून या वयात काय मिळवायचं?

त्याचं कारण जुनं आहे. आठेक वर्षांपूर्वी मी त्याच भागात सब-इन्स्पेक्टर होतो. या आक्काची एकुलती एक मुलगी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिथला हाच मुकादम तिच्या मागं लागला होता. एके दिवशी पोरगी विहिरीत सापडली. घरात तिची वही मिळाली. त्यानं कसा त्रास दिला, कुठं अडवलं, काय धमकी दिली, सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. त्या वहीवर केस उभी होती. जप्तीचा पंचनामा मी रायटरकडून कन्नडमध्ये लिहून घेतला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. शेवटी 'वाचून दाखवला, बरोबर आहे' ही ओळ आम्ही सवयीनं घालतो, तशी घातली. वाचून मात्र दाखवला नव्हता. मला दुसऱ्या बंदोबस्ताला जायची घाई होती.

कोर्टात बचावाच्या वकिलानं पंचांना एकच प्रश्न विचारला, यात काय लिहिलंय? पंच साधी माणसं. म्हणाले, "आमाला कानडी बोलाय येतंय, वाचाय येत न्हाय. सायेबांनी सही कर म्हटलं, केली." वही कुठं सापडली हेच सिद्ध झालं नाही. आमच्या भागात कन्नड-मराठी मिसळून बोलतच माणूस मोठा होतो, म्हणून वाचताही येत असेल असं आपण धरून चालतो. माझ्या त्या धरून चालण्यानं मुकादम सुटला. सरकारनं हायकोर्टात अपील केलं, ते पडून राहिलं.

तर त्या दिवशी मी शेतावर पोचलो. मुकादम बांधाजवळ उताणा पडला होता, तोंडाजवळ फेस सुकला होता. पाठीवरचा फवारणीचा पंप बाजूला. हवालदारानं सगळ्याचे फोटो काढले होते. मुकादमाचा मुलगा, तिशीतला, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, पंचनामा चालू असतानाच मोटारसायकलवरून येऊन पोचला. त्यानं माझ्यापुढं स्टीलचा फिरकीचा तांब्या धरला.

"बांधावर घावला सायेब. नाव बघा."

आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहे. तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी त्या मेलेल्या पोरीचं नाव ठोकलेलं होतं. आईनं तिच्या लग्नासाठी जमवलेल्या भांड्यांतला तो तांब्या होता.

"पाण्यातनं घातलंय तिनं औषध. आनि गावभर पेढं वाटत फिरली. अजून काय पुरावा पायजे तुमाला?" बाप कसा का असेना, त्याचा बाप होता. मी त्याला गप्प केलं नाही. हातातला तांब्या तेवढा काढून घेतला आणि पिशवीत सील केला.

बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात बोलवायचं नाही, आपण तिच्या घरी जायचं, असा नियम आहे. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी आक्काच्या घरी गेलो. गल्लीत माणूस मावत नव्हता. अर्धे तिच्या नावानं टाळ्या पिटत होते, अर्धे मुकादमाच्या भावकीतले दात ओठ खात होते. आक्का भिंतीला टेकून बसली होती. पुढं सूप, सुपात विडीची पानं, पण हात चालत नव्हते.

"मुकादम मेल्याचं तुम्हाला कधी कळलं, आक्का?"

"सकाळी."

"कुणी सांगितलं?"

तिनं सुपातलं एक पान उचललं, परत ठेवलं.

"तांब्या तुमचाच ना?"

"माझ्या लेकीचा हाय."

"मग तो त्याच्या शेतात कसा?"

"घाला बेड्या. आनंद झाला मला, पेढं वाटलं. लिवा तसं."

पोलिसात एक गोष्ट शिकायला मिळते. गुन्हा केलेला माणूस शंभर सबबी सांगतो. जो एकही सबब सांगत नाही तो एक तर फार निर्ढावलेला असतो, नाहीतर गुन्ह्यापेक्षा वेगळंच काहीतरी लपवत असतो. ही कुठली, ते मला कळेना. एवढ्यात ती घामानं निथळली, तोंडातून लाळ आली आणि सुपावरच भडभडून ओकली. कॉन्स्टेबल म्हणाली, "सर, भीतीनं झालं असणार." मला वाटलं बाईनं स्वतःही काही घेतलं. तिला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई नुकत्याच मुकादमाचं पोस्टमॉर्टेम आटोपून आल्या होत्या. त्यांनी आक्काच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि लगेच इंजेक्शन मागवलं. "तेच फवारणीचं औषध आहे. हिचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेत."

ही बातमी बाहेर जायला वेळ लागला नाही. मुकादमाचा मुलगा ओरडायला लागला, हात माखलेत म्हणजे तिनंच घातलंय. वरिष्ठांचा फोन आला, वातावरण तापतंय, अटक दाखवून टाका. अटक दाखवणं फार सोपं असतं. आनंद दाखवणारी बाई, तिचा तांब्या, तिच्या हातांवर विष. कुठल्याही नव्या सब-इन्स्पेक्टरनं दोषारोपपत्र डोळे मिटून लिहिलं असतं. पण या बाईच्या बाबतीत एकदा मी डोळे मिटून सही घेतली होती.

मी हवालदाराच्या मोबाईलमधले फोटो मोठे करून पुन्हा पाहिले. शेतावर घाईत मी पंप पाहिला, तांब्या पाहिला, माणूस नीट पाहिलाच नव्हता. त्याच्या डोक्याखाली रिकाम्या पोत्याची घडी होती. डोळे कुणीतरी मिटवले होते. अंग उघडं होतं, शर्ट चार हात लांब पडला होता, बटणं तुटलेली, बाह्या उलट्या. मारणारा माणूस उशाला पोतं देत नाही.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोटात औषधाचा वाससुद्धा नाही. पाठ मात्र भाजल्यासारखी झाली आहे. पंप गळत होता, सगळं अंगात मुरलं. अशा वेळी पहिलं काम काय, तर भिजलेले कपडे काढायचे आणि अंग धुवायचं. शेतावर कामाला जाणाऱ्या बायकांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं." हवालदारानं जप्त केलेला पंप पाण्यानं भरून पाहिला. खालून धार लागली.

दुसऱ्या दिवशी आक्का शुद्धीवर नीट आली, तेव्हा मी तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसलो. कॉन्स्टेबल शेजारी होती.

"आक्का, शर्ट तुम्ही काढला ना?"

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग बोलली.

"मी शेतात भांगलाय चाललो हुतो. बांधावरनं वाट हाय. ह्यो पडल्याला, हातपाय झाडाय लागल्याला. आधी वाटलं, बरं झालं. हुबा राहून बघत हुतो. मग म्हटलं, असा कसा मरतोय ह्यो? अजून कुठं कोर्टात बोललाय? पंप वढून काढला, शर्ट फाडून काढला, तांब्यातलं पाणी अंगावर वतलं. लई हाका मारल्या, शिवारात कोण न्हाय. त्याला म्हटलं, आता तरी बोल. मी तुझ्या लेकीला मारलं म्हण. एकदा म्हण."

"काय म्हणाला?"

"पाणी म्हणाला. वळाकलं त्यानं मला, तरी नुसतं पाणी, पाणी. तांब्यात घोटभर हुतं. तोंडात घातलं. मेल्याव डोळं झाकलं."

कॉन्स्टेबल डोळे पुसत होती. मी विचारलं, "मग पेढे का वाटले?"

"म्हटलं न्हवतं का मी, त्यो मरंल त्या दिवशी पेढं वाटीन? सगळ्या गावापुढं म्हटलं हुतं. स्टँडवर गेलो, घेतलं, वाटलं. मीबी एक तोंडात घातला. गोड लागंना सायेब. थुकून टाकला." मग एकदम उठून बसायला लागली. "पर त्ये पाण्याचं लिवू नगा. तुमच्या पाया पडतो. जेलात घाला, पर गाव म्हणंल, लेकीला मारणाऱ्याला आईनं पाणी पाजलं. माझ्या पोरीला काय वाटंल?"

म्हणजे खुनाचा आरोप तिला चालत होता, पण दयेचा नको होता. सगळ्या नोकरीत असा आरोपी मला दुसरा भेटला नाही.

मी ते लिहिलं. न लिहून चालणार नव्हतं, त्याच एका गोष्टीनं ती सुटत होती. जबाब मराठीत घेतला, शब्दन् शब्द वाचून दाखवला. ती रडत होती, मी वाचत होतो. लॅबचा अहवाल पुढं दोन महिन्यांनी आला. तांब्यात नुसतं पाणी निघालं. मृत्यू अपघाती म्हणून प्रकरण बंद झालं.

आक्का दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी मुकादमाच्या मुलाला मी ठाण्यात बोलावून जबाब ऐकवला होता. त्यानं मान वर केली नाही. उठून थेट तिच्या दारात गेला. मागून काही गडबड नको म्हणून मीही गेलो. तो तिच्या पायाशी वाकला तशी ती मागं सरली.

"तुझ्या बापाला मी माफ केल्यालं न्हाय. पाणी पाजलं म्हंजी माफ केलं असं समजू नगंस." मग म्हणाली, "तू जेव, दोन दिस उपाशी दिसतुयास."

तिला भीती होती तसं गाव काही बोललं नाही. ज्यांनी 'न्याय झाला' लिहिलं होतं त्यांनी व्हिडिओ काढून टाकले, दुसरं काहीतरी लावलं. गावाचा आनंद तेवढाच असतो.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात ती ठाण्यात आली. बाकावर बसून राहिली. मी समोर गेलो तर म्हणाली, "सायेब, हायकोर्टाची तारीक कधी?"

मला वाटलं तिला कुणीतरी सांगितलं असेल. कुणी सांगितलं नव्हतं. आरोपी मेला की त्याच्यावरचं अपीलही संपतं, हे मी तिला समजावलं. फाईल बंद झाली, आता तारीख नाही.

"म्हंजी त्यानं केलं का न्हाय, ह्ये आता कोणच सांगणार न्हाय?"

"नाही, आक्का."

ती पदर सावरून उठली. मग म्हणाली, "तरी म्या त्याला म्हटलं हुतं, मरू नगं."

शत्रूच्या मरणावर पेढे वाटणारा माणूस बघितला की लोक मला विचारतात, साहेब, हा न्याय की सूड? पूर्वी मी ठासून उत्तर द्यायचो. एका दरोडेखोराला आमच्या माणसांनी गोळी घातली होती तेव्हा मीही लोकांचे पेढे खाल्ले होते, गळ्यात हार घालून घेतले होते. आता मी एवढंच सांगतो की पेढे वाटणाऱ्याला नावं ठेवू नका, पण ते पेढे म्हणजे न्याय असंही म्हणू नका. त्या बाईला तो जिवंत हवा होता, पिंजऱ्यात उभा हवा होता. ते द्यायचं काम माझं होतं, आणि एका दुपारी दहा मिनिटांच्या घाईत ते माझ्या हातून गेलं. तिनं मला त्याबद्दल एका शब्दानंही कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.