थॉमसिनची कात्री

दिवंगत थॉमसिन गेजविषयी चार बरे शब्द लिहावेत, असा आमच्या नटांचा आग्रह आहे. तो पाळणे मला शक्य नाही. बावीस वर्षे मी पडद्याआड संहिता धरून उभा राहिलो, आणि तितकीच वर्षे ती माझ्यापासून चार हातांवर कपड्यांच्या पेट्या राखीत बसली होती.

लंडनचे सरदार मरताना आपली भारी वस्त्रे नोकरांना देऊन जातात. मखमल नोकराच्या अंगावर शोभत नाही आणि कायद्याला खपतही नाही, म्हणून तो ती नाटकवाल्यांना विकतो. आमच्या मंचावरचे सगळे राजे मेलेल्यांच्या कपड्यांत वावरतात. शहरात कोण अंथरुणाला खिळले आहे, हे थॉमसिनला वैद्याच्या आधी कळे. मग ती मागच्या दाराने सूप घेऊन जाई, रोग्याची चौकशी करी, आणि तिची नजर खुंटीवर असे.

सर हम्फ्री डॉकेट तापाने फणफणले तेव्हा तिने त्यांचा नोकर अँब्रोज पाइक याला गाठले. मृत्युपत्रात जांभळा झगा त्याच्या नावे होता.

"अजून श्वास चाललाय सरकारांचा, बाई," तो म्हणाला.

"चालू दे की. श्वासाला काय झगा लागतो? सोमवारी आमचं नवं नाटक. त्यानंतर फुकट दिलास तरी नको मला."

अँब्रोज मोहाला बळी पडला. त्याने झगा दिला, आणि सर हम्फ्री बरे झाले.

सोमवारी दुपारी तो धापा टाकत आला. "सरकार आज नाटकाला येतायत. बड्या लोकांसारखे मंचावरच स्टूल मांडून बसणार. आजच्या दिवस तो झगा काढू नका हो!"

"मग नटाला काय गोणपाट नेसवू?"

नाटक एका लोभी वकिलाचे होते; तो एकच घर तिघांना विकतो. दुसऱ्या अंकात वकील जांभळ्या झग्यात ऐटीने आला, तसे सर हम्फ्री स्टुलावरून ताडकन उठले. "हा झगा माझा आहे! गळ्याशी मेणबत्तीचा डाग बघा!"

नटाने लवून मुजरा केला. "असेल, महाराज. या नाटकात प्रत्येक वस्तूला तीन मालक आहेत."

प्रेक्षागृह हास्याने दणाणले. म्हातारा जितका खरे बोलून ओरडत होता, तितक्या टाळ्या वाढत होत्या. तोही नाटकातलाच एक मूर्ख आहे, असे सर्वांना वाटले. अखेर त्याने शिपायाला बोलावणे धाडले.

अंक संपला. झगा आत आला, पाठोपाठ अँब्रोज.

"बाई, तेवढा डाग कापा. डाग नसला तर त्यांना शपथेवर काही सांगता येणार नाही."

कात्री तिच्या कमरेला लटकत होती. तिने मखमलीवरून उलटा हात फिरवला. "इटलीचा, जिनोव्हाचा माल आहे हा. गळा कापला की संपलाच."

"आणि माझा गळा?"

"तो तुझा तू बघ. झगा नाटकमंडळीचा आहे."

शिपाई आला तेव्हा तिने झगा नीट घडी घालून त्याच्या हातात ठेवला. "यानंच विकला, साहेब. मालक वारले म्हणाला. आम्ही साधी माणसं, विश्वास ठेवला." हे धडधडीत खोटे होते आणि मला ते ठाऊक होते. पुढच्या प्रवेशाची खूण द्यायची होती म्हणून मी गप्प राहिलो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

अँब्रोजला फाशी झाली. तो एकतीस वर्षांचा होता.

तीन वर्षांनी सर हम्फ्री खरोखरच वारले. झगा नव्या नोकराकडे गेला, आणि सूप घेऊन गेलेल्या थॉमसिनकडे आठवड्याभरात परत आला. त्याच दुपारी माझ्यासमोर बसून तिने गळ्यावरचा डाग कापून टाकला आणि त्या जागी लेस टाचली. तेवढ्या वेळात मेणबत्ती बोटभरही जळली नसेल.

झगा अजून वापरात आहे. पूर्वीपेक्षा अधिक चांगला दिसतो.