भांडणावर वाढलेली बाग

भांडण ही अत्यंत उपयोगी वस्तू आहे आणि लोक ती घरात बसून उगाच वाया घालवतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो म्हणजे आमच्या अक्काचे सासरे. सांगली म्हटलं की कुणाला हळद आठवत असेल, कुणाला नदीचा घाट आठवत असेल. मला आधी ते आठवतात. डोक्याला तांबडा रुमाल, पायांत करकरणाऱ्या वहाणा, काखेत छत्री आणि चेहऱ्यावर कुणाला तरी काहीतरी सांगून आल्याचं समाधान. छत्री त्यांनी उघडलेली मात्र मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ते ती कोटाच्या आत धरत, भिजू नये म्हणून.

अक्का त्यांना मामंजी म्हणायची. मी साताऱ्याहून सांगलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून आलो, दोन वेळा जेवायला अक्काकडे जाऊ लागलो आणि तिचं ऐकून मीही त्यांना मामंजीच म्हणू लागलो. माझं ऐकून शाळेतली पोरं, पोरांचं ऐकून त्यांचे बाप, असं करत करत वर्षभरात तालमीतल्या मिशाळ पैलवानांपासून कोर्टातल्या वकिलांपर्यंत सगळे त्यांना मामंजी म्हणू लागले. म्हणजे अख्खं गाव त्यांची सून झालं. नोकरी त्यांनी जन्मभर एकच केली, कोर्टातल्या बेलिफाची. लोकांच्या घरी समन्स घेऊन जायचं, दार उघडलं नाही तर ते दारावर डकवायचं आणि शिव्या खाऊन परत यायचं. पेन्शनीत निघाल्यावरही सवय सुटली नव्हती. सकाळचा चहा हवा असला की ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून अक्काचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, राहणार सांगली, असा पुकारा करायचे. तीनदा पुकारा होऊनही चहा आला नाही, तर पाटावर बसून एकतर्फी निकाल द्यायचे, आणि तो नेहमी अक्काच्या विरुद्ध जायचा. "जन्मभर मी लोकांची भांडणं घरपोच केली, मास्तर," ते मला म्हणत, "पण माझं स्वतःचं असं भांडण एकच. तेही घरातलं. ती गेली आणि मिटलं." हे सांगताना त्यांचा आवाज जरा उतरायचा.

ती म्हणजे अक्काच्या सासूबाई. मी सांगलीला यायच्या आधीच त्या वारल्या होत्या. अक्का सांगायची की दोघं दात घासण्यापासून कंदील मालवण्यापर्यंत भांडायची. आमटीत गूळ जास्त झाला म्हणून भांडण, तो कमी झाला म्हणून भांडण, आणि बेताचा पडला तर आज हे जमलं कसं म्हणून भांडण. रोज संध्याकाळी सासूबाई पदर सावरून "कानांना जरा विसावा देऊन येते" म्हणत आणि नदीकाठच्या सरकारी बागेत जाऊन अनंताच्या झाडाजवळच्या बाकावर दिवेलागणीपर्यंत बसत. त्या होत्या तोवर मामंजी त्या बागेकडे फिरकले नाहीत. त्या गेल्यावर मात्र ते रोज जाऊ लागले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझ्यापासून सुटायला ती जिथं जायची, तिथं एवढं काय होतं ते बघतो." बाकावर ते एका टोकाला बसत आणि उरलेला बाक कुणाला देत नसत.

बाग मोठी होती. या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला पोचायची नाही. आंब्याची रांग, गुलाबाचे वाफे, विहीर, हिरवळ, सगळं संस्थानच्या खर्चानं चालायचं. मग लढाई सुरू झाली, तरणे माळी पलटणीत भरती झाले आणि त्यांच्या जागी गावातल्या शेळ्या आल्या. हिरवळ त्यांनी बघता बघता फस्त केली. अशात दरबारचे एक अधिकारी आले आणि त्यांनी बागेतच सभा घेऊन सांगितलं की आता माणसं मिळत नाहीत, गाव बाग सांभाळणार असेल तर ठीक; दसऱ्याला येऊन बघेन, नाहीतर झाडं तोडून इथं लाकडाची वखार घालू. मामंजी उठून उभे राहिले. "गाव सांभाळेल," ते म्हणाले. गावाला हे तेव्हाच कळलं.

तिथल्या तिथं त्यांनी बागेचे तीन तुकडे करून तिघांच्या गळ्यात घातले. विहीर आणि हिरवळ तालमीच्या वस्तादांकडे, गुलाब हळदीचे व्यापारी अण्णांकडे, आंब्याची रांग आणि मधला रस्ता बाररूमच्या थोरल्या वकीलसाहेबांकडे. अनंताचा कोपरा कुणालाच दिला नाही. तिघांनी गोड हसून माना डोलावल्या, सभेला टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी बागेत मामंजी, मी आणि शेळ्या एवढेच हजर होतो. मी वैतागून म्हणालो की घरोघर जाऊन विनंती करू. मामंजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "विनंतीनं माणूस अंथरुणातून उठत नाही, मास्तर. बांधाच्या दाव्याची तारीख असली की तोच पहाटे उठून कोर्टाच्या दारात बसतो. मी बघितलंय." आणि काखेत छत्री मारून ते तालमीकडे गेले.

तिथं त्यांनी वस्तादांना एवढंच सांगितलं की वकीलसाहेब म्हणत होते, पैलवानांना म्हशी धुता येतील, हिरवळ राखणं त्यांचं काम नव्हे. वस्ताद लाल झाले. "आमी म्हसरं राखणारी व्हय? उद्याच दावतो!" दुसऱ्या दिवशी अर्धी तालीम लंगोट लावून विहिरीवर. मोट होती पण बैल नव्हते, म्हणून वस्तादांनी आपले दांडगे पैलवान मोटेला जुंपले आणि स्वतः मागून आरोळ्या ठोकू लागले. पाणी इतकं आलं की वकिलांचा रस्ता चिखलात गेला. तो चिखल मुद्दाम केलेला आहे, असं मामंजींनी बाररूममध्ये कळवलं. वकील मंडळी धोतरं खोचून आली आणि त्यांनी दोऱ्या ताणून हद्दी पाडल्या. आंब्याचा पाला कुणी झाडायचा यावर वाद निघाला, तेव्हा सावली ज्याच्या हद्दीत पडेल त्यानं पाला उचलायचा, असा निवाडा मामंजींनी दिला. सकाळी सावली वकिलांकडे, दुपारनंतर पैलवानांकडे. दोन्ही पक्ष सूर्याकडे बघत खराटे घेऊन उभे राहू लागले आणि पानही जमिनीवर टिकेना.

अण्णा जैन, जीव मारायचा नाही. गुलाबाला कीड लागली तेव्हा त्यांची माणसं एकेक सुरवंट पानासकट उचलून टोपलीत ठेवत आणि नावेतून पलीकडच्या काठावर नेऊन सोडत. हे काम इतक्या निगुतीनं चाले की मी मुलांना दाखवायला घेऊन गेलो होतो. मामंजींनी वस्तादांच्या कानात सांगितलं, "नाव नेहमीच पलीकडे जाते असं समजू नका." त्या दिवसापासून हिरवळीवर पैलवानांचा पहारा बसला आणि तेवढ्या निमित्तानं शेळ्याही हटल्या. मी एकदा त्यांना स्पष्टच विचारलं, "मामंजी, हे खोटं बोलणं नाही का?" ते म्हणाले, "छे! जे त्यांच्या मनात असतं तेच मी त्यांच्या तोंडी घालतो. बोलायचे श्रम वाचतात त्यांचे."

दसऱ्याला अधिकारी आले आणि बघतच राहिले. गुलाब डवरले होते, रस्ता आरशासारखा होता, हिरवळीवर पाय ठेवायला जीव होईना. वखार रद्द, असं त्यांनी जाहीर केलं. आणि तिथंच थांबते तर बरं झालं असतं, पण पुढं ते म्हणाले की हे सगळं तुमच्या एकीचं फळ आहे. वस्तादांना गहिवर आला. त्यांनी सोनं देऊन वकीलसाहेबांना मिठी मारली. "तुमी आमास्नी म्हसरं राखणारी म्हनलासा, पर आता इसरलो!"

"मी? मी कधी म्हणालो? उलट तुम्हीच आमच्या काळ्या कोटांना कावळे म्हणालात!"

"आणि हळदवाल्यांचा गुलाब पिवळाच येणार, असं कोण म्हणालं वो?" अण्णांनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग मामंजींकडे पाहायला वळले. तिथं मामंजी नव्हते. मेंदीच्या कुंपणापलीकडून वहाणांची करकर तेवढी ऐकू येत होती, आणि ती बरीच घाईत होती.

कुणी रागावलं नाही. सगळे पोट धरधरून हसले, आणि तिथंच घात झाला. तिघांची गट्टी जमली, हद्दीच्या दोऱ्या सोडल्या, आता बाग सगळ्यांनी मिळून करायची असं ठरलं. वस्तादांना वाटे आज अण्णांची माणसं पाणी घालतील, अण्णांना वाटे वकील घालतील, आणि वकील तर पुढची तारीख घेण्यात मुरलेलेच. माघात हिरवळ पिवळी पडली. फाल्गुनात गुलाबाच्या काड्या झाल्या आणि शेळ्या परतल्या. पाडव्याला पुन्हा येतो, असा अधिकाऱ्यांचा निरोप आला. मामंजी धावत तालमीत गेले. वस्तादांनी त्यांना मानानं बसवलं, दुधाचा पेला पुढं केला आणि म्हणाले, "हं, सांगा आता कोन काय म्हनलं. पोरास्नी जरा हसू द्या." मामंजी दूध न पिता उठले. त्या रात्री ते जेवले नाहीत. वखार झाली तर तो बाकही जाणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला होता. मामंजी पेठेतल्या पारावर चढले, घसा खाकरला आणि कोर्टाच्या आवाजात पुकारा केला. "तालमीतल्या पैलवानांत शेण भरलंय, हळदवाले नुसते रंगवलेले आहेत, आणि वकील म्हणजे वाळकी लाकडं, त्यांना वखारीतच घाला! हे मी म्हणतोय. मी स्वतः. कुणी सांगितलेलं नाही. पाडव्याला साहेब येईल तेव्हा त्या बागेत एकच कोपरा हिरवा असेल, आणि तो माझा."

वस्ताद गर्दीतून पुढं आले. "मामंजी, ह्ये लय झालं," वस्ताद हळूच म्हणाले.

"झालंच," मामंजी म्हणाले आणि पारावरून उतरून कळशी घेऊन अनंताच्या झाडाकडे गेले.

मी मदतीला गेलो तर त्यांनी मला हाकलून दिलं. "आपलं भांडण आपण चालवायचं, मास्तर. त्यात वकील द्यायचा नाही." वाकलेल्या पाठीनं ते कळशीमागून कळशी ओतत राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अण्णांची, वस्तादांची, वकीलसाहेबांची अक्कल काढत राहिले. आठवडाभरात दोऱ्या पुन्हा ताणल्या गेल्या, मोट पुन्हा करकरू लागली, सुरवंटांची नाव सुटली. या म्हाताऱ्याचं नाक कापायचं म्हणून गाव उन्हात राबलं. पाडव्याला बाग वाचली, आणि वखारीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पण त्यांना मामंजी म्हणणं गावानं सोडलं. तालमीवरून जाताना वस्ताद पाठ फिरवत, अण्णा दुकानात आत जात, वकीलसाहेब रस्ता बदलत. अक्का कळवळून म्हणाली, "मामंजी, एकदा जाऊन सांगा तरी, बागेसाठी बोललात म्हणून."

"आणि मग पाणी कोण घालील?"

संध्याकाळी मी बागेत गेलो तर ते बाकाच्या आपल्या टोकाला बसलेले असत. एकदा म्हणाले, "इथं फार शांत वाटतं, मास्तर." काही तरी बरं सांगावं तसा त्यांचा सूर नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि मी उभाच राहिलो, कारण बाकाचं दुसरं टोक मोकळं ठेवायचं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. स्मशानात गाव आलं होतं, पण लांब उभं होतं. तिसऱ्या दिवशी अक्कानं मला अनंताला पाणी घालायला पाठवलं, आणि निघताना ऊन बघून त्यांची छत्री दिली. मी बागेत पोचलो तर अनंताचं आळं आधीच काठोकाठ भरलेलं, आणि भोवती हा गदारोळ.

"ह्यो कोपरा तालमीचा! मामंजी पैल्यांदा आमच्याकडं आलं हुतं!"

"हद्द पाहा, वस्ताद. बाक आमच्या रस्त्याला लागून आहे. मामंजी कोर्टाचे."

"गुलाबाला खेटून हाय की ओ! मामंजी आमचे शेजारी!"

वर्षभरानं तो शब्द मी गावाच्या तोंडून ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला बघून तिघं थांबले. "तुम्ही घरचे," वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हीच सांगा, कोपरा कुणाकडे द्यायचा?"

तिघांनी मिळून करा, असं मी म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांवर आले होते. मग माघातली ती पिवळी पडलेली हिरवळ डोळ्यांपुढं आली. मी छत्री काखेत नीट मारली, वकीलसाहेबांना दंडाला धरून जरा बाजूला घेतलं आणि म्हणालो, "राग मानू नका, पण मघाशी वस्ताद तुमच्याबद्दल काय म्हणत होते, सांगू का?"