पापणी लवायच्या आत

अंधारात बसून पगार घेणारे दोनच प्रकारचे लोक. एक टॉकीजचा डोअरकीपर आणि दुसरे आम्ही, एक्स-रे वाचणारे डॉक्टर! दिवसभर काळ्या-पांढऱ्या फोटोंकडे टक लावून बसलं की किस्से साचत जातात. सांगायचे कुणाला? घरी सुरुवात केली की नवरा म्हणतो, "जेवताना नको." जेवण झाल्यावर म्हणतो, "झोपताना तर अजिबात नको." मग तुम्हीच ऐका.

वर्ध्यातल्या एका दवाखान्यात आमची रीडिंग रूम आहे. जाड काळे पडदे, दोन मोठे स्क्रीन आणि आम्ही तिघं. इंगोले सर म्हणजे आमचे सीनियर, मी त्यांच्या हाताखालची, आणि सुमनताई म्हणजे फोटो काढणारी टेक्निशियन. सुमनताईची मोठी बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली. जिल्हाभरातल्या बायकांची मॅमोग्राफी ताई करते, पण स्वतःची कधी केली नव्हती. मी विषय काढला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"पाह्यलं त दिसते, मॅडम. नाई पाह्यलं त नाई दिसत!"

कप्पाळ माझं!

*

मी नवीन असतानाची गोष्ट. एका बाईच्या छातीचा फोटो आला. उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला चांगला जाडजूड पांढुरका पट्टा. मी जोरात, "टीबी!"

सर खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "सुमन, त्या बाईची वेणी खांद्यावरून मागं टाक अन् पुन्हा फोटो काढ."

पुन्हा काढला. पट्टा गायब! तेल लावून घट्ट घातलेली वेणी होती ती. मी ज्या गोष्टीला टीबी म्हणून बसले होते, त्या गोष्टीला खाली रिबिनसुद्धा बांधलेली होती. दोन दिवस सर मला "वेणीवाली डॉक्टर" म्हणत होते.

*

कारंजाजवळ हायवेवर एक ट्रक उलटला. ड्रायव्हरला आमच्याकडे आणलं. मी फोटो लावला आणि तुटलेली बरगडी लगेच सापडली. खुशीत रिपोर्ट लिहायला घेतला.

"सापडलं म्हणून थांबली काय?" सर मागून म्हणाले. "एक चोर सापडला म्हणजे घर रिकामं झालं काय वो?"

पुन्हा बघितलं. हृदयाच्या सावलीमागे एक गोल ठिपका होता. बरगडीशी त्याचा काही संबंध नव्हता, तो आधीपासून वाढत बसलेला. मी फोटोवरून नजर फिरवली तेव्हा तो तिथेच होता आणि मला दिसला नव्हता! डोळा नावाची वस्तू किती बिनभरवशाची आहे ते त्या दिवशी कळलं. ती गाठ वेळेवर काढली आणि तो ड्रायव्हर आज ठणठणीत आहे. तो म्हणतो, "मॅडम, ट्रक पलटला म्हणून मी वाचलो."

*

नालवाडीची एक आजी डोकं दुखतं म्हणून आली होती. तिला कवटीचा फोटो दाखवला. ती पदर सावरून बघतच राहिली.

"हे मी नाई," म्हणाली.

"आजी, तुमचाच आहे."

"नाई वो बाई. हे माही माय हाय. तिचं तोंड असंच होतं, शेवटी शेवटी."

सुमनताईने एक जास्तीची प्रिंट काढली. आजीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि पायात चप्पल नसल्यासारखी हळू हळू चालत गेली. घरी फ्रेम केली म्हणे.

*

हा सरांचा आवडता खेळ. दरवर्षी विद्यार्थी आले की सर एका फुफ्फुसाच्या स्कॅनमध्ये कॉम्प्युटरवर तान्ह्या पोळ्याला लहान पोरं ओढत नेतात तो लाकडी नंदी चिकटवतात. चाकांसकट! मग पोरांना सांगतात, "गाठी शोधा." पोरं गाठी शोधतात, बरोबर शोधतात, आणि नंदी कुणालाच दिसत नाही. सरांनी दाखवला की सगळे एकमेकांच्या पाठीत धपाटे घालतात.

मागच्या बॅचला एक शांत मुलगी होती. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "नंदी दिसला काय कोणाले?"

तिने हात वर केला. "हो सर. दोन्ही दिसले."

"दोन?"

"एक चाकांचा आणि एक बसलेला."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ती मुलगी गेल्यावर त्यांनी तो स्कॅन पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, मग मला पाहायला लावला. आम्हाला एकच सापडला. पुढच्या वर्षी सरांनी स्कॅन बदलला.

*

आता आमच्या पापणीबद्दल. रोज दुपारच्या चहाआधी आम्ही हा खेळ खेळायचो. सकाळी ज्यांचे रिपोर्ट झालेत त्यातला कुठलाही एक फोटो सुमनताई स्क्रीनवर लावणार, नावावर तळहात ठेवणार, आणि पापणी लवायच्या आत स्क्रीन बंद करणार. उत्तर एकाच शब्दात द्यायचं. "आहे" किंवा "नाही". कुठे आहे ते विचारायचं नाही, हा नियम सुमनताईचा. मग रिपोर्टशी ताडून बघायचं. चुकेल त्याने चहा सांगायचा.

चहा बहुतेक मीच सांगायचे. सर फार क्वचित चुकायचे. एवढ्याशा उजेडात ठिपका दिसणं शक्यच नव्हतं.

"सर, कळतं कसं?"

"आपण घरात पाय टाकल्याबरोबर कळते ना, इथं भांडण झालं हाय म्हणून? फुटलेली कपबशी मंग दिसते."

*

पोळ्याच्या दिवशी पेशंट नसतात. त्या दिवशी आम्ही दोघांनी सुमनताईला अक्षरशः मशीनसमोर उभं केलं. फोटो मी पाहिले, मोठे करून करून पाहिले. मग सरांनी पाहिले. दोन्ही बाजू स्वच्छ! ताई दुसऱ्या दिवशी केळझरच्या गणपतीला जाऊन आली आणि आमच्यासाठी पेढे घेऊन आली.

महिनाभराने, दुपारी, पापणीच्या वेळी तिने एक मॅमोग्राफी लावली. एकाच बाजूची, उजवी. उजेड झाला आणि गेला.

"आहे," सर म्हणाले.

सुमनताईचा हात नावावरून निघेना.

"कुठी, सर?"

नियम तिचा, आणि मोडला तिनेच! सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने हात काढला. नाव तिचंच होतं.

सर खुर्ची ओढून स्क्रीनच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल. आम्ही दोघांनी तो फोटो कोपऱ्या-कोपऱ्यातून पुन्हा पाहिला. सोनोग्राफी केली. काही नाही. कुठेही काही नाही.

सर चिडले. "हा खेळ हाय, सुमन! रिपोर्ट नाई. काऊन लावला हा फोटो?"

"रिपोर्ट चुकते कधी कधी, सर," ती म्हणाली. "तुमचा खेळ नाई चुकत. म्हणून लावला."

"आज चुकला," सर म्हणाले, आणि नियमाप्रमाणे त्यांनी चहा सांगितला. तो कुणालाच गेला नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितला होता. काढला. सरांनी "आहे" म्हटलेली उजवी बाजू तशीच स्वच्छ. डावीकडे मात्र बारीक पांढरे कण, रांगोळी सांडावी तसे. अगदी सुरुवातीचं होतं. ऑपरेशन झालं, उपचार झाले, आणि सुमनताई पुन्हा कामावर आली. तिला दारात बघून मी रडले, लाज न बाळगता रडले.

मग एकदा सरांना एकटं गाठलं. "सर, त्या दिवशी ताईने डावी बाजू दाखवलीच नव्हती. जुन्या डाव्या फोटोतही काही नव्हतं, मी परत काढून पाहिला."

"मले माहीत हाय."

"मग तुम्ही आहे कशावरून म्हणालात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू जेवली काय?" म्हणाले.

त्यानंतर पापणीचा खेळ बंद झाला. बंद करू असं कुणी म्हणालं नाही. सुमनताईने फोटो लावला नाही आणि आम्ही मागितला नाही.

*

आणि हा परवाचा.

सुमनताईची धाकटी बहीण तपासणीला आली. तिघींतली आता ही एकच उरली होती, जिला काही झालेलं नव्हतं. फोटो ताईनेच काढले. मग रीडिंग रूममध्ये येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही पाहा. हळू पाहा. घाई नका करू." मग सरांकडे वळली. "सर, तुम्ही चहाले जा."

आमच्या खोलीत सरांना आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. सर उठले. ते दारापर्यंत पोचले आणि नेमका तेव्हाच स्क्रीनवर फोटो उघडला! ताईने झडप घालून दोन्ही तळहात समोर धरले. पण स्क्रीन केवढा आणि हात केवढे!

सर दारात थांबले होते. तोंड आमच्याकडे होतं.

"बोलू नका, सर," ताई म्हणाली. "पाया पडते. बोलू नका."

सर पडदा सारून बाहेर गेले.

मी बघायला बसले. दोन्ही बाजू, वरून, कडेने, मोठ्या करून, उलट्या करून, मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवून. इतका वेळ मी आयुष्यात कुठल्या फोटोला दिला नसेल. ताई मागे उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"स्वच्छ आहे, ताई," मी म्हणाले. "खरंच स्वच्छ आहे."

ती डोळे पुसत बहिणीला सांगायला धावली. मला इतकं हलकं वाटत होतं की मीही तिच्यामागोमाग बाहेर आले. सर कँटीनच्या बाकावर बसले होते. हात रिकामे, समोर काही नाही.

"काय निघालं?"

"स्वच्छ, सर. एकदम स्वच्छ!"

सरांनी फरशीकडे बघतच कँटीनवाल्याला हाक मारली.

"तीन चहा देजो गा. आजचा चहा नियमानं माह्याकडून."