काल्यातला हात

काल्यानं भरलेला गंज भजनी मंडळाच्या काकूनं माझ्या डोळ्यासमोर मोरीत उलटा केला. दही, लाह्या, पोहे, डाळिंबाचे दाने, सगळं. वरून बकेटभर पानी टाकलं. मी आजीच्या खाटेपाशी उभी होती. माझ्या बोटायले दही लागूनच होतं.

आजी म्हनजे माझी पेशंट. मी घरोघरी जाऊन खाटेवरच्या मान्सायचं करते. आंघोळ, जेवन, मालिश, हागनं-मुतनं, सगळं. भंडाऱ्यात एक ऑफिस आहे, तिथून आमाले कामाचं घर भेटते. आजीचं उजवं अंग लकव्यानं गेलं होतं. तोंडातून शब्द निघत नव्हता. सून जवाहरनगरले ड्यूटीवर जाये, आनि दिवसभर आमी दोघीच.

ऑफिसच्या मॅडमनं एकदा आमाले बसवून सांगतलं, पेशंटले नुसतं धुऊन-पुसून ठेवू नका. मोहल्ल्यात जा. तिथं मंडळं असतात, गट असतात, त्यायले घरी बोलवा. मान्सं आली का पेशंट उठून बसते. मले ते लय पटलं. आजी पहिले गल्लीच्या भजनी मंडळात होती. मंडळाच्या अध्यक्ष काकूकडे मी स्वतः गेली.

"गुरुवारी आमच्या आजीकडे बसा ना," मी म्हनलं.

काकूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तं पोरीवानी करून राहिली वं तिचं."

बाया येऊ लागल्या. काही गुरुवार गेले आनि आजीचा डावा हात चादरीवर ताल धरू लागला. मी मोरीत जाऊन रडली, खुशीनं. बाया माझ्या हातचा चहा पेत. मले टाळ देत. मॅडम येऊन फोटो काढून गेल्या. जाताना हळूच म्हनल्या, "आडनाव वगैरे कोणाला सांगत बसू नका. सिस्टर म्हणायचं, बस." मले वाटलं, सगळ्यायलेच असं सांगत असतीन.

मग गोकुळाष्टमीचा काला आला. मंडळात सगळ्यात मोठ्या बाईनं तो कालवाचा, अशी त्यायची रीत. दरसाल आजीच कालवे. यंदा बाया म्हनल्या, हातच चालत नाही तं कसं? मी म्हनलं, मी धरते ना. आजीले उशीले टेकवून बसवलं. तिचा मेलेला हात माझ्या हातात घेतला आनि गंजात घातला. माझेही बोटं दह्यात. आमी दोघीनं मिळून काला कालवला. आजी हसली. तोंड वाकडं, पन हसली. बाया गाऊन राहिल्या होत्या. मॅडमही आल्या होत्या, मोबाईल घेऊन.

गानं थांबलं. काकूनं कौतुकानंच विचारलं, "कोनाची पोरगी वं तू? गाव कोनतं?"

आपल्या इकडे कोनीही कोनाले हे विचारते. मी खोटं कायले बोलू? सिहोऱ्याकडलं गाव सांगतलं. बापाचं नाव सांगतलं, आडनाव सांगतलं. बुद्धविहाराच्या मागं घर, तेही सांगतलं.

कोनी ओरडलं नाही. काकूनं टाळ खाली ठेवले, पदर आवरला. "हे आधी सांगाचं असते बाई." मग मॅडमकडे वळून, "देवाच्या कामात असे मान्सं आनता तुमी?"

मी मॅडमकडे पाह्यलं. वाटलं, आता बोलतीन. त्यायनंच तं धाडलं होतं मले.

मॅडम म्हनल्या, "सॉरी काकू. हिने आमच्यापासून लपवलं."

मी लपवलं? कामावर लागली तवा मॅडमच्याच टेबलासमोर उभं राहून पुरं नाव सांगतलं होतं मी.

गंज काकूनंच उचलला आनि मोरीत नेऊन उलटा केला. सून त्या दिवशी सुट्टीनं घरीच, दारात उभी होती, ती जमिनीकडे पाहून राहिली. अशा काकू मी लहानपनापासून पाह्यल्या, त्यायचं मले नवल नाही. मॅडमचं लागलं. तिच्यावर भरोसा केला होता मी. अजूनही जळते.

आजीचं तोंड उघडंच होतं. तिले काला पायजे होता. मी बोटाले राहिलेलं दही तिच्या जिभेवर ठेवलं. तिनं चाटून घेतलं. कोनी आडवं आलं नाही. आजीचं तोंड माझ्या हातानं बाटत नव्हतं, कारन मग तिले भरवाले कोन येनार होतं?

मी घराबाहेर निघाली तं मॅडम मागून येऊन म्हनल्या, "दुसरं घर देते तुम्हाला. पण तिथे काळजी घ्या."

"द्या," मी म्हनलं. "उंबऱ्यावरच पुरं नाव सांगीन. चालत असन तं आत जाईन."

"असं केलं तर काम कसं मिळणार?"

"नाही भेटलं तं नाही."

आता मी कोनाची सिस्टर नाही. दारात उभी राहून आधी माझं नाव सांगते, मग बापाचं, मग आडनाव, मग मोहल्ला. काही दारं तिथंच लागतात. लागू दे. ज्या घरात माझा हात म्हाताऱ्याच्या गुवाले चालते, त्या घरात तो दह्यालेही चालला पायजे. नाही तं गू तुमचा तुमी धुवा.