अक्काच्या हातचं मशीन

माझ्या थोरल्या बहिणीला धक्क्यावर सगळे फौजदार म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नाही. अक्का नाकावर राग घेऊनच जन्माला आली, आणि त्यातला अर्धा मला देऊनही तिच्याकडे पुरून उरला. ती धक्क्यावर बोलायला लागली की मागच्या गल्लीत माझ्या दुकानात ऐकू येतं, मधे बर्फाचा कारखाना असूनसुद्धा.

मी होड्यांची मशिनं दुरुस्त करतो. चौतीस वर्षं झाली. या चौतीस वर्षांत माझ्या नाकी नऊ आणले ते एकाच मशीनने, अक्काच्या. आता ते होडीवर नाही, तरी त्याचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तसं साधं मशीन. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं, दोरी ओढायची, चालू. मेहुणे होते तेव्हा घेतलेलं. मेहुणे गेले, होडी अक्काने चालवायला घेतली, आणि त्यानंतर सात-आठ वर्षांनी मशीनने दगे द्यायला सुरुवात केली. आतली कॉइल तडकलेली, सिलिंडर झिजलेला, सुटे भाग मिळायचे बंद झालेले. पण मी पडलो हाताला यश असलेला मिस्त्री. मी ते चालू करायची एक रीत शोधून काढली. चोक अर्ध्याला जरा कमी ओढायचा. इंधनाची नळी डाव्या हाताने दाबून धरायची. डाव्या टाचेने झाकणाला खालून एक लाथ घालायची. मग दोरी दोनदा हळू ओढायची आणि तिसऱ्यांदा श्वास रोखून जोरात. एवढं सगळं केलं की मशीन खोकायचं, धूर ओकायचं आणि उपकार केल्यासारखं चालू व्हायचं. ही रीत मी अक्काला शिकवली. रोग बरा करता येईना म्हणून रोग्याला खोकायचं कसं ते शिकवलं, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. माझा पहिला राग माझ्यावर आहे, तो असा.

लोक म्हणायला लागले, "ते मशीन फौजदाराशिवाय कुणाचं ऐकत नाही." हे ऐकलं की अक्का काही बोलायची नाही, पण बाह्या वर करताना तिची मान ताठ व्हायची. मशीन चालू करायचं असलं की ती सुनेला होडीच्या पुढच्या टोकाला पिटाळायची. "तू जाळं बघ. इकडे तुझं काम नाही."

माझा भाचा मोठ्या जहाजावर नोकरीला असतो, दीड-दीड वर्ष घरी येत नाही. त्यामुळे होडीवर सासू आणि सून दोघीच. सूनबाई कमी बोलते. हात मात्र चलाख आहेत. जाळ्याचा गुंता ती चहा उकळायच्या आत सोडवते. तिने दोनदा मला विचारलं होतं, "मामा, मशीन चालू करायला मला शिकवाल?" मी म्हणालो, "तुझ्या सासूला विचार." म्हणजे मी हात झटकले. अक्काच्या तोंडी कोण लागणार?

दर आठ-दहा दिवसांनी ते मशीन समुद्रात बंद पडायचं. मग अक्का ते हातगाडीवर घालून माझ्या दुकानात आणायची.

"काय दुरुस्त केलंस? ह्यापेक्षा न्हाव्याकडे नेलं असतं तर बरं!"

"अगं, त्याचं आयुष्य संपलंय. नवं घे."

"तुझं संपलंय का? नाही ना? मग पाना उचल."

आणि मी पाना उचलायचो.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दोघी परत येत होत्या. वारा किनाऱ्याकडे होता. लाटा अडवायला टाकलेल्या दगडांच्या बांधाजवळ मशीन बंद पडलं. अक्काने रीतसर सगळं केलं, दोरी ओढली आणि मशीनने उलटा झटका दिला. तिचं उजवं मनगट मोडलं. नांगर टाकला तर तो गुळगुळीत खडकावरून घसरत राहिला, धरेना. सूनबाईने आधी वल्हं मारून पाहिलं, पण वाऱ्यापुढे एका वल्ह्याचं काय चालणार? मग तिने मशीनची दोरी हातात घेतली. अक्का मनगट पोटाशी धरून सांगत होती आणि ती ओढत होती. मशीन चालू झालं नाही. बर्फ घेऊन बाहेर पडणाऱ्या एका होडीने यांना पाहिलं आणि दोर फेकला, तेव्हा दगड दोन होड्यांच्या अंतरावर होते. दोर फेकणाऱ्यानेच मला हे सांगितलं.

मी दुकान तसंच टाकून अक्काच्या घरी गेलो. दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या. अक्का खाटेवर बसलेली, हात प्लास्टरमध्ये, तोंडाचा पट्टा चालू. चहात साखर कमी, खिडकी कुणी उघडी टाकली, दवाखान्यातला डॉक्टर किती पोरसवदा. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "परवापर्यंत मशीन नीट करून दे."

मी चहाचा कप नेहमीच्या मेजावर ठेवला. कोपऱ्यात भिंतीलगत ते मेज होतं, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिकचं कापड. वर भाच्याचा फोटो, एक आरसा, औषधाच्या बाटल्या.

"नीट करून देऊ? आज मेल्या असतात दोघी!"

"मेलो नाही ना?"

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तुझा! ह्या पोरीचा तरी विचार कर!"

"पोरीला काय झालंय? मनगट माझं मोडलंय!"

सूनबाई दारात उभी होती. तिच्या दोन्ही तळहातांना कापड बांधलेलं होतं. ती आत आली. माझा कप उचलून तिने माझ्या हातात दिला. मग फोटो काढून खिडकीत ठेवला. आरसा भिंतीला टेकवला. औषधाच्या बाटल्या एकेक करून जमिनीवर ठेवल्या. अक्का ओरडत होती, "काय चाललंय? ठेव ते जागेवर!" सूनबाईने मेजावरचं कापड ओढलं.

मेज नव्हतंच ते. खोकं होतं. लाकडी पट्ट्या ठोकलेलं, उंच, आणि पुढच्या बाजूला नव्याकोऱ्या मशीनचं चित्र.

"अकरा महिने झाले, मामा," ती म्हणाली. "ह्यांनी पाठवलंय. ह्यांना वाटतंय, आम्ही तेच वापरतोय."

अकरा महिने! अकरा महिने मी त्या मशीनच्या डोक्यावर कप ठेवून चहा पीत होतो, आणि चहा पिऊन दुकानात जाऊन जुन्या मढ्याच्या नाकात फुंकर घालत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेजारीण खिडकीत येऊन उभी राहिली एवढं आठवतं.

"नवं मशीन खाऱ्या पाण्यात लगेच खराब होतं," अक्का म्हणाली. "जुनं चालतंय तोवर..."

"चालतंय?"

"तुला दुरुस्त करता आलं असतं तर चाललं असतं!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मला वाटलं, कंजूषपणा आहे. आमची आईही अशीच होती. नवी चादर कपाटात आणि अंगावर भोकांची. पाहुणे येतील तेव्हा काढू म्हणायची, आणि पाहुणे आले की म्हणायची, एवढे कुठले मोठे लागून गेलेत. अक्का आईवर गेली, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सूनबाईने ते खोकं धक्क्यावर नेलं. अक्का मागोमाग आली आणि पालथ्या टोपलीवर बसली. मी तिला म्हणालो, "एक शब्द बोलू नकोस." तिने शंभर ऐकवले.

नव्या मशीनचा पाय जुन्यापेक्षा चार बोटं लांब होता. तसंच बसवलं असतं तर पंखा फार खोल गेला असता. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत यायला हवी. म्हणून मागच्या फळीवर आणखी एक जाड लाकूड चढवायचं ठरवलं. मी डाव्या बाजूला भोक पाडायला ड्रिल टेकवलं.

"तिथे नको!" अक्का ओरडली. "तिथे रंगाखाली लाकूड कुजलंय."

मी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं. लोण्यात जावा तसा आत गेला. खरं सांगायचं तर तिने ओरडून सांगितलं नसतं तर पहिल्याच लाटेला ते नवंकोरं मशीन तळाला गेलं असतं. कुजका तुकडा कापला, नवा बसवला, आरपार बोल्ट घातले. मी तिला बरं केलंस म्हणालो नाही. माझा राग अजून उतरला नव्हता.

दुपारी एकला मशीन बसलं. मी नळी जोडली, तिच्यातला रबरी फुगा दाबून इंधन वर आणलं आणि सूनबाईला म्हणालो, "ओढ." तिने अक्काकडे पाहिलं. मग कापड बांधलेल्या हाताने दोरी ओढली. पहिल्यांदा नुसतं गुरगुरलं. दुसऱ्यांदा चालू झालं. ना खोकला, ना धूर. आवाज इतका मऊ की शेजारच्या होडीवरच्या रेडिओतल्या बातम्या ऐकू येत होत्या.

मी वळून पाहिलं तर टोपलीवर कुणी नव्हतं. अक्का धक्क्यावरून घराकडे निघाली होती. एक अक्षर न बोलता. मला वाटलं, चला, एकदाची तोंडघशी पडली.

पुढचे चार दिवस सूनबाई अक्काशिवाय जात होती, एका शेजारणीला मदतीला घेऊन. अक्का दुकानात फिरकली नाही. पाचव्या दिवशी सकाळी आली. नेहमीसारखी हातगाडी आदळत नाही, हळूच. स्टुलावर बसली. समोर स्टँडवर तिचं जुनं मशीन झाकण काढून टांगलेलं होतं, भंगारवाला यायचा होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"एकसष्ट," ती म्हणाली.

"काय एकसष्ट?"

"त्या दिवशी तिने दोरी एकसष्ट वेळा ओढली. मी मोजत होते."

मी पाना घेऊन मशीनचा एक बोल्ट सैल करायला लागलो.

"पहिल्या पंधरा-वीस वेळेला मला बरं वाटत होतं." तिचा आवाज खाली गेला होता. असा आवाज तिच्याकडे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. "कळतंय का तुला? हात मोडलेला, होडी दगडांकडे चाललेली, आणि मला आतून बरं वाटतंय. म्हटलं, बघ. ओढ. होतंय का माझ्याशिवाय?"

"अक्का..."

"थांब. चोक सांगितला तिला. नळी सांगितली. दोनदा हळू, तिसऱ्यांदा जोरात, तेही सांगितलं. लाथ सांगितली नाही."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

"दगडांवरचं शेवाळ दिसायला लागलं तेव्हा सांगितली. चाळिसाव्या वेळी. तोवर तिच्या हातात जोर कुठला? कातडी गेली होती. दोरी लाल झाली होती. तिने लाथ घातली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग पुन्हा ओढायला लागली." तिने डाव्या हाताने नाक पुसलं. "नवं मशीन कुणालाही चालू करता येतं रे. मग मी होडीत कशाला? म्हणून ठेवलं होतं झाकून. आता ओरड काय ओरडायचं ते."

चौतीस वर्षं मी तिच्यावर ओरडायची संधी शोधतोय. आज ती आयती समोर येऊन बसली होती आणि मला तोंड उघडता येईना. मला राग आला होता. ती पोर मेली असती. एका लाथेपायी मेली असती, आणि ती लाथ शोधून काढणारा मी. दोनदा ती माझ्याकडे शिकायला आली होती.

"तिला सांगितलंस?" मी विचारलं.

"तिला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. तू सांगितलंस का?"

बाहेर धक्क्याच्या बाजूने मशीनचा आवाज आला. एकसारखा, मऊ. आम्ही दोघांनी ओळखला. अक्का उठली. माझी बहीण आजवर कुणाची माफी मागायला गेलेली नाही, मेहुण्यांची नाही, आईची नाही. ती दारात थांबली, प्लास्टरचा हात नीट पोटाशी घेतला आणि गेली.

मी कारखान्याच्या कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे गेलो. पुढे गेलो नाही. सूनबाई होडी बांधत होती. अक्का तिच्यासमोर उभी राहून बोलत होती आणि तिचा एक शब्द माझ्यापर्यंत आला नाही. अक्का बोलते आणि गल्लीत ऐकू येत नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. सूनबाई दोर गुंडाळता गुंडाळता थांबली.

मग आवाज आला, तो तिचा. अख्ख्या धक्क्याने वळून पाहिलं. "चाळीस वेळा, आई! चाळीस वेळा ओढायला लावलंत मला!" त्यापुढेही ती खूप बोलली. रडत बोलली, दोर जमिनीवर आपटून बोलली. वर्षानुवर्षांचं साठलेलं बोलली. फौजदार मान खाली घालून ऐकत होती. एकदाही मधे तोंड घातलं नाही, आणि निघूनही गेली नाही.

मी दुकानात परत आलो. भंगारवाल्याची वाट न बघता कात्री घेतली आणि जुन्या मशीनची दोरी कापून टाकली.