काशीत सोडलेलं गाजर

नव्वदच्या दशकात मी काशीच्या विद्यापीठात गाजरावर संशोधन करत होतो आणि ब्रह्मा घाटाजवळच्या खोलीत एकटाच पावाला लोणचं लावून जेवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गाजरातल्या रंगाचं शरीरात 'अ' जीवनसत्त्व होतं, पण तो अंगी लागायचा तर गाजर किसून शिजवावं लागतं आणि वर तूप हवं, नाहीतर बराचसा आला तसा निघून जातो. एवढं कळायला मला चार वर्षं लागली आणि ऐकवायला माणूस नव्हता. दिवसचे दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे.

त्या हिवाळ्यात साताऱ्याहून आई काशीयात्रेला आली. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची आणि चहा-चपातीवर भागवायची. अंधारून आलं की तिला पायऱ्या दिसेनाशा होत. 'अ' जीवनसत्त्व कमी पडतंय, असं डॉक्टर म्हणाले होते, पण गोळ्या ती विसरायची. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. माझी विद्या निदान एका माणसाच्या उपयोगी पडणार होती. आठ दिवस मी लाल गाजरं किसून तुपाच्या फोडणीवर परतली आणि तिला बसवून वाढली. ती मागून घ्यायची.

शेवटच्या सकाळी घाटावर गुरुजी संकल्प सांगायला बसले. काशीला आलं की आपली एक आवडती भाजी जन्मभरासाठी सोडायची, अशी रीत आहे. लोक हुशार, कारलं सोडून मोकळे होतात.

"माई, जी पसंद असेल ती बोला," गुरुजी म्हणाले.

"गाजर," आई म्हणाली.

संकल्प उरकला आणि घाटाच्या पायऱ्या चढताना मी भडकलोच. "तुला कारलं नाही सुचलं? तुझ्या डोळ्यांसाठी मी मरमर करतोय."

"देवाला फसवू होय रे?" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मला कुणी गरम करून वाढलं नव्हतं. याहून आवडतं दुसरं काय सांगू?"

माझा राग जागच्या जागी जिरला. फार वाईट वाटलं. स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत मी तिला लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी असं सांगत राहिलो आणि भाजी तुपावरच कर, म्हणून बजावत राहिलो. ती मान डोलावत होती. एकटीसाठी ती कढई चढवणार नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.