टोपीवरचा लाल डाग

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, मुलाला नाही, आणि देवापुढेही कधी शब्दांत मांडली नाही. देवाला माहीत असणार, त्याच्या समोरच घडली. पण तो गप्प राहिला, मीही गप्प राहिले. सात वर्षं झाली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लांबण लावायची मला सवय नाही. तरी बघा — सरळ सांगायला बसले आणि आधी भलतंच सांगावं लागतंय. त्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

आम्ही इकडे परदेशात, क्लेमेंटीला, मुलाकडे राहतो. मुलगा वन-नॉर्थला कॉम्प्युटरच्या कामाला, सून बँकेत, नात सई शाळेत. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. इथे आले ते एक पत्र्याचा डबा घेऊन. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा मी तो डबा पहिल्यांदा पाहिला. इतका जपून ठेवलेला की मला वाटलं दागिने असतील. उघडला तर क्रिकेटवाल्यांची कार्डं. च्युइंगमच्या पुडीत निघालेली, एकेक पोस्टाच्या तिकिटाहून थोडं मोठं. काय वाटलं असेल मला?

इथे ह्यांना कोणी ओळखीचं नव्हतं. मग लिम अंकल भेटले. आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर एकटे राहायचे. त्यांच्याकडेही डबा. त्यात अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांची कार्डं. लहानपणी ते बंदरावर अननस विकायचे, तेव्हा खलाशांनी दिलेली. झालं. दोघे रोज सकाळी इमारतीखालच्या दगडी टेबलाशी बसायचे, समोर कोपी, म्हणजे इथली कॉफी, मध्ये दोन डबे.

ह्यांना बेसबॉल कळत नव्हता, अंकलना क्रिकेट. त्याने काही अडलं नाही.

"फाईव्ह डेज प्ले, स्टिल नो विनर," अंकल म्हणायचे. "फॉर व्हॉट, लाह?"

"आणि तुमचे लोक बॅट फेकून पळतात," आमचे हे इंग्रजीत सुनवायचे. "बॅटचा अपमान आहे तो."

मी भाजी घेऊन येताना हे कानावर पडायचं. माझ्याशी दिवसाला तीन वाक्यं — चहा दे, चष्मा कुठंय, पंखा लाव. तिथे तीन तास. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

ह्यांचा लाडका होता एक डावरा फिरकीवाला. दोन कसोट्या खेळला, तिसरीत बोट मोडलं, मग कोणी विचारलं नाही. अंकलचा लाडका होता एक दुसऱ्या बेसवर उभा राहणारा. एक मोसम बरा गेला, मग गुडघा गेला, मग म्हणे गावी बुटांचं दुकान काढलं. जगाने दोघांना विसरून टाकलं होतं, हे दोन म्हातारे सोडून. एके दिवशी त्यांनी ठरवलं की वर्षभरासाठी कार्डं बदलायची. डावरा नवव्या मजल्यावर गेला, बुटवाला आमच्याकडे आला. हे इतके हरखले होते, जणू सोयरीक जमली. प्लॅस्टिकच्या पाकिटात बुटवाला, पांढरी टोपी, खांद्यावर दांडकं.

मग दसरा आला.

दसऱ्याला आपण काय करतो? ज्याच्या जिवावर माणूस जगतो त्याची पूजा. पाटावर मी सईची पुस्तकं मांडली, माझी विळी, सुनेचा मिक्सर. आपटा इथे कुठला, रस्त्याकडेच्या कांचनाची पानं आणली. मुलाचा लॅपटॉप ठेवला, पण मनात म्हटलं — हा तर कंपनीचा. आणि ह्यांचं काय ठेवायचं? पार्सल ऑफिसचा शिक्का तर सरकारजमा झाला. हे देवळात गेले होते. मी डबा उघडला, आणि सगळ्यात वर जो होता त्याला पाटावर आणला.

अजून इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही. इथे थांबले असते तर मी हे लिहीतही नसते.

पण प्लॅस्टिकवरून लावलेलं हळदकुंकू म्हणजे बंद खिडकीतून घास भरवल्यासारखं. मी त्याला पाकिटातून काढला. साठ वर्षं दसरा करणारा हात — तो थोडाच विचारतो? पाणी शिंपडलं. बोटाने ओली हळद लावली, तीही बरोबर कपाळावर. म्हणजे टोपीवर. वर कुंकू, अक्षता. बुटवाला चांगला दिसत होता, खोटं कशाला बोलू.

पूजा झाल्यावर पुसायला गेले, तर कुंकू गेलं आणि हळद राहिली. मग मी काय केलं असेल? साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. लुगड्यांवर शंभरदा पाहिलंय. तरी लावला. पांढऱ्या टोपीवर विटकरी डाग, चांगला बोराएवढा. पंख्याखाली वाळवून पाकिटात घातला आणि डबा जागेवर ठेवला. मग पुरणपोळ्या केल्या. छान झाल्या.

दोन दिवसांनी ह्यांनी कार्ड खिडकीशी धरलं. बराच वेळ धरलं. फोनवर काहीतरी वाचलं. मग म्हणाले, "विटलेली कार्डं रंगवून देतात लोक. हवेने वरचा रंग फुटतो मग. मला मूर्ख समजला हा माणूस."

तेव्हा सांगायला हवं होतं. तीन शब्दांचं काम — ती हळद आहे. का नाही सांगितलं? कारण आमच्या घरात चुका करायचं काम ह्यांचं. चुका काढायचं माझं. चाळीसहून अधिक वर्षं ही वाटणी नीट चालली होती. गॅस हे चालू ठेवतात, छत्री हे हरवतात, बोलते मी. त्या एका हळदीने माझी खुर्ची गेली असती.

ह्यांनी कार्ड लिफाफ्यात घातलं, इंग्रजीत चिठ्ठी लिहिली — हे रंगवलेलं आहे, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती — आणि सईच्या हाती वर पाठवली. संध्याकाळी तोच लिफाफा परत आला. आत नुसता डावरा.

"आजी," सई म्हणाली. "यू ऑल फाइट, इझ इट?"

मी तिला हातपाय धुवायला पाठवलं.

आता खरी गोष्ट. नुसती भित्री असते तर एवढं खुपलं नसतं. लिफाफा परत आला तेव्हा मला बरं वाटलं. थोडंसं नाही, चांगलंच. म्हटलं, आता राहतील घरात. बोलतील माझ्याशी.

राहिले. ओट्याशी उभे. कांदा जाड चिरलास, डाळ उतू चाललीय. ते संपल्यावर त्यांनी मला बेसबॉल शिकवायला घेतला. दुसरं कोण होतं त्यांना? मी पोळ्या लाटायचे आणि हे लाटणं घेऊन दांडकं कसं धरायचं ते दाखवायचे. मला आता त्या खेळाचे सगळे नियम येतात. कोणाला विचारायचे असतील तर विचारा. शिकवून झालं की शेवटी म्हणायचे, "लबाड होता, पण सांगायचा छान." दर वेळी. अजूनही म्हणतात. डबा मात्र त्यांनी पुन्हा उघडला नाही.

अंकल नंतर मुलीकडे तोआ पायोहला गेले. गेल्या महिन्यात मी तिथे चपला घ्यायला गेले होते. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, पाणी घ्यायला थांबले तर समोर ते. एकटेच, कोपी पुढ्यात. वाळले होते. मला ओळखलं, उठून उभे राहिले.

"युअर हजबंड," ते म्हणाले, "स्टिल अँग्री, आह?"

कळतं थोडंफार, पण माझं इंग्रजी बोलणं म्हणजे यस, नो, ओके. पण तिथे 'नो' पुरलं असतं. बोट स्वतःच्या छातीला लावून 'मी' एवढं तरी दाखवता आलं असतं. मी म्हणाले, "यस."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं.

"टेल हिम," ते म्हणाले, "आय नेव्हर पेंट."

मी म्हणाले, "ओके."

घरी आले. हे दारातच, "एवढा वेळ कुठे होतीस?" म्हटलं, चपलांच्या दुकानात गर्दी होती. संत्रं सोलून दिलं. गोड आहे म्हणाले, सगळं खाल्लं.

लिम अंकलनी रंग लावला नव्हता. हळद होती. बोट माझं.